बंद करून जावे की चालू ठेवून? एका खोलीच्या एसीचा चोवीस तासांचा हिशोब

प्रकरण

पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे. सकाळी नऊच्या सुमारास घराला कुलूप लागते आणि संध्याकाळी सातला ते उघडते, म्हणजे रोजचे दहा तास घरात कोणीच नसते. घर इमारतीच्या मधल्या मजल्यावर, कोपऱ्यातले आहे. ज्या खोलीत एसी बसवलेला आहे ती पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच. तिच्या दोन भिंती बाहेरच्या असून पश्चिमेकडच्या भिंतीत तीन चौरस मीटरची एकेरी काच आहे. एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर पद्धतीचा, म्हणजे गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा. रात्री दोघे याच खोलीत झोपतात, त्यामुळे सकाळी घर सोडताना खोली २४ अंशांवर असते. उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत बाहेरचे दिवसाचे सरासरी तापमान ३६ अंशांच्या आसपास राहते.

वाद साधा होता. दिवसभर रिकाम्या खोलीत एसी चालवणे हा उधळेपणा असून निघताना तो बंदच केला पाहिजे, असे पतींचे मत. पत्नींचे मत असे की पूर्ण बंद केल्याने खोली भट्टी होते, म्हणून २८ वर ठेवून जावे. त्यातच सर्व्हिसिंगला आलेल्या मेकॅनिकने तिसरे मत टाकले: "इन्व्हर्टर आहे ना? मग बंद करूच नका, चोवीसवर राहू द्या. थंड खोली थंड ठेवायला काही लागत नाही, तापलेली उतरवायला वीज लागते." तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद घरोघरी वर्षानुवर्षे मिटत नाही.

या लेखातील आकडे मीटरवरून घेतलेले नाहीत. खोलीची मापे आणि विटा, काँक्रीट, काच व हवा यांचे ज्ञात गुणधर्म यांवरून ते मांडलेले आहेत. बाहेरच्या भिंतीवर थेट पडणारे ऊन वेगळे धरलेले नाही. ते धरले तर सगळेच आकडे वाढतील, पण त्यांचा क्रम सहसा बदलणार नाही. उष्णता आणि वीज या दोहोंसाठी युनिट हेच माप वापरले आहे. १ युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. मात्र उष्णतेचे एक युनिट बाहेर फेकायला विजेचे एक युनिट लागत नाही, कारण एसी उष्णता निर्माण करत नाही, ती फक्त आतून उचलून बाहेर टाकतो. विजेच्या एका युनिटात उष्णतेची साडेतीन युनिटे बाहेर जातात असे सुरुवातीला धरले आहे.

खोलीत नेमके काय तापते

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खोलीतली हवा असते, आणि हिशोबाची पहिली चूक तिथेच होते. या खोलीत ६० घनमीटर हवा आहे. तिचे वजन ७२ किलो. ती एका अंशाने थंड करायला ७२ किलोज्यूल लागतात. ती पाच अंशांनी उतरवायची झाली तरी उष्णतेचे एक दशांश युनिट एवढाच मामला आहे. दीड टनाचा एसी सेकंदाला सुमारे ५.३ किलोज्यूल उष्णता उचलतो. (एक टन म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढ्या वेगाने उष्णता शोषेल तेवढी क्षमता, बर्फाच्या वखारींच्या काळातले हे माप अजून चालते आहे.) म्हणजे नुसती हवाच असती तर ती सव्वा मिनिटाच्या आत थंड झाली असती.

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण खोली हवेची नसते. ती भिंतींची, स्लॅबची आणि फरशीची असते. या खोलीचा आतला पृष्ठभाग, दार-खिडकी वजा जाता, सुमारे ९० चौरस मीटर भरतो. त्यातला केवळ वरचा पाच सेंटिमीटरचा थर दिवसाच्या चढउतारात भाग घेतो असे धरले तरी तो जवळपास ९,००० किलोंचा ऐवज होतो, आणि त्याला एक अंश थंड करायला ७,६५० किलोज्यूल लागतात. हवेच्या शंभरपटीहून अधिक. एसीच्या छोट्या पडद्यावर दिसणारे तापमान हवेचे असते. जे खरोखर तापलेले असते त्याचा आकडा कुठेच दिसत नाही.

या घरात तो आकडा एका संध्याकाळी हाताने वाचला गेला. कामावरून आल्यावर एसी लावून वीस मिनिटे झाली होती, पडद्यावर २५ आले होते, आणि तरीही पती "अजून गरमच होतंय" म्हणत रिमोट शोधत होते. पत्नी पलंगाच्या डोक्याकडच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून उभ्या होत्या. "अहो, हवा झाली थंड, पण इथे हात ठेवून बघा." भिंत कोमट होती, उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या बादलीसारखी. हातभर डावीकडे, कपाटाच्या मागे, जिथे ऊन पोहोचत नाही आणि भिंत आतल्या खोलीला लागून आहे, तिथे ती गार होती. शरीर हवेइतकेच भोवतालच्या पृष्ठभागांशीही उष्णतेची देवघेव करते. कोमट भिंतीसमोर बसलेल्या माणसाला २५ अंशांची हवा २५ अंशांची वाटत नाही.

उष्णता आत किती येते

बाहेरून आत येणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात असते. नऊ इंची, गिलावा केलेल्या विटांच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे साधारण २ वॅट येतात. एकेरी काचेतून साडेपाच. बाहेरच्या भिंती २४ चौरस मीटर, काच ३ चौरस मीटर, आणि फटींतून दर तासाला खोलीतील निम्मी हवा बदलते असे धरून तिचे १० वॅट. या सर्वांची बेरीज दर अंशाला ७५ वॅट होते. याशिवाय पश्चिमेच्या काचेतून येणारे ऊन. दुपारी ते तडाखेबंद असते, सकाळी जवळजवळ नसते. दहा तासांची सरासरी ३०० वॅट धरू.

आता मेकॅनिकची पद्धत घेऊ. दिवसभर खोली २४ अंशांवर राखायची, तर बाहेरच्या ३६ शी फरक १२ अंशांचा. भिंती, काच व फटींतून ९०० वॅट, उन्हाचे ३००, एकूण १,२०० वॅट. दहा तासांत १२ युनिट उष्णता आत येते आणि एसीला ती जशीच्या तशी बाहेर काढावी लागते. "थंड खोली थंड ठेवायला काही लागत नाही" हे वाक्य इथे निकालात निघते. खोली जितकी थंड, तितका तिच्याकडे उष्णतेचा ओढा जास्त, आणि तोही अखंड.

पतींच्या पद्धतीत एसी बंद. खोली हळूहळू तापते, आणि ती तापत जाते तसतसा फरक कमी होतो, म्हणून आत येणारी उष्णताही कमी होत जाते. एसीच नसता तर ही खोली कितीतरी तासांनी ४० अंशांशी जाऊन थांबली असती (३६ अंश बाहेरचे आणि उन्हामुळे आणखी ४). पण भिंतींचे वजन एवढे आहे की दहा तासांत ती २८.८ पर्यंतच पोहोचते. तोवर आत शिरून भिंती-स्लॅबमध्ये साठलेली उष्णता १०.१ युनिट होते.

म्हणजे १२ विरुद्ध १०.१. बंद करणारा जिंकला खरा, पण थोडक्यात. हा निकाल पाहून पतींचा चेहरा पडला होता हे नमूद करायला हरकत नाही. एसी दहा तास बंद म्हणजे दहा तासांची वीज वाचली, असा त्यांचा समज होता. वस्तुतः बहुतेक उष्णता फक्त उधारीवर राहते आणि रात्री भिंतींतून परत वसूल होते. हेच घर हलक्या बांधणीचे, म्हणजे लाकडी फळ्यांचे किंवा बोर्डाच्या भिंतींचे असते आणि त्याचा भार पाचपट कमी असता, तर बंद ठेवल्यावर ते दुपारीच तापून सातपर्यंत ३७ अंशांपर्यंत चढले असते, पण त्यात साठलेली उष्णता अवघी ५.६ युनिट भरली असती. म्हणजे जे घर बंद केल्यावर जास्त तापते तेच बंद केल्याने जास्त वाचवते, आणि जे जड घर संध्याकाळी तुलनेने सुसह्य असते त्याची बचत तोकडी असते. अनुभवावरून निष्कर्ष काढणाऱ्याला हे नेमके उलटे वाटते.

ओलाव्याचे देणे

हिशोबात अजून पाणी आलेले नाही. आधुनिक वातानुकूलनाचा जन्मच मुळी ओलाव्याच्या तक्रारीतून झाला. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी आपली पहिली योजना आखली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी, कारण दमट हवेत कागद फुगून रंगांचे छाप एकमेकांवर नीट बसत नव्हते.

समजा बाहेरच्या दर किलो हवेत १८ ग्रॅम बाष्प आहे आणि एसी चालू असताना आतल्या हवेत ११ ग्रॅम. फटींतून तासाला ३६ किलो हवा आत येत असेल, तर एसीला तासाला २५० ग्रॅम पाणी गाळावे लागते. दिवसभरात अडीच लिटर. एसीच्या नळीखाली बादली ठेवून पाहणाऱ्याला हे पाणी दिसते, पण त्यामागची उष्णता दिसत नाही: एक किलो बाष्पाचे पाणी करताना सुमारे २,४५० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे चालू ठेवणाऱ्याच्या खात्यावर आणखी १.७ युनिट. एसी बंद असेल तर हे गाळणे दहा तास होतच नाही. संध्याकाळी फक्त खोलीत असलेल्या ७२ किलो हवेतले अर्धा लिटर पाणी काढायचे, त्याचे ०.३ युनिट. गाद्या, पडदे, लाकूड यांत मुरलेला ओलावा थोडी भर घालतो, पण तराजू फिरवण्याएवढी नाही.

सुधारलेला ताळेबंद असा: चालू ठेवल्यास १३.७ युनिट उष्णता, बंद ठेवल्यास १०.४. साडेतीनाने भागले तर विजेची ३.९ आणि ३ युनिटे. दिवसाला ०.९ युनिट, धरून चालू की एक युनिट, ही या घरातील बंद करून जाण्याची कमाई. हवा दमट असेल तर ती वाढते, कोरडी असेल तर घटते.

२८ वर ठेवण्याचे काय

पत्नींची सूचना गमतीदार ठरते. बंद ठेवलेली ही खोली नऊला २४ अंशांवरून निघून २८ ला पोहोचते ती संध्याकाळी पाचच्या सुमारास. म्हणजे २८ वर ठेवलेला एसी आठ तास कॉम्प्रेसर सुरूच करणार नाही. तो बंद असल्यासारखाच राहील आणि फक्त शेवटचे दोन तास काम करील. जड घरात २८ आणि बंद यांत उष्णतेच्या दृष्टीने जवळपास फरक नाही. २९ वर ठेवला असता तर तो चालूच झाला नसता.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. कॉम्प्रेसर थांबला तरी अनेक एसींचा आतला पंखा फिरत राहतो. तो ३० वॅटचा असला तरी दहा तासांत ०.३ युनिट होतात, म्हणजे जी एक युनिटाची कमाई आपण मोजली तिचा जवळजवळ एक तृतीयांश रिकाम्या खोलीत वारा घालण्यात जातो. शिवाय कॉइलवर, म्हणजे एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर, राहिलेले पाणी हा पंखा पुन्हा हवेत मिसळतो. छताच्या पंख्याचेही तेच: पंखा खोली थंड करत नाही, माणसाला थंड करतो, आणि माणूस नसलेल्या खोलीत त्याचे काम नाही.

इन्व्हर्टरची बाजू

मेकॅनिकचे म्हणणे पूर्ण झटकून टाकणे मात्र अन्यायाचे होईल. जुन्या, एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरबद्दल सांगितली जाणारी 'सुरू होताना भरमसाट वीज खातो' ही भीती निराधार आहे. सुरू होताना सहापट वीज अर्ध्या सेकंदासाठी लागली असे धरले तरी दीड किलोवॅटच्या यंत्राला ती एका युनिटाच्या आठशेव्या भागाएवढी भरते. पण इन्व्हर्टरबद्दलचा मुद्दा निराळा आहे आणि तो खरा आहे. हे यंत्र कमी वेगाने चालते तेव्हा विजेच्या एका युनिटात जास्त उष्णता उचलते, आणि पूर्ण वेगाने धावते तेव्हा कमी.

समजा मंद चालीत हा आकडा ४.५ आहे आणि पूर्ण वेगात ३.२. मग चालू ठेवणाऱ्याचे १३.७ ला ४.५ ने भागून ३ युनिट वीज. बंद ठेवणाऱ्याने संध्याकाळी एसी पूर्ण वेगाने पिटाळला तर १०.४ ला ३.२ ने भागून सव्वातीन. कागदावर मेकॅनिक जिंकतो!

त्याचा विजय एका अटीवर अवलंबून आहे: साठलेली सगळी उष्णता पूर्ण वेगातच काढली पाहिजे. तसे करण्याची गरज कोणालाच नसते. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत हवा उतरली की इन्व्हर्टर आपणहून मंद होतो, आणि भिंती आपली उष्णता रात्रभर सावकाश सोडत राहतात. म्हणजे बंद ठेवणाऱ्याचाही बहुतेक उपसा मंद चालीतच होतो, आणि तोही बाहेरची हवा उतरलेली असताना, जेव्हा आउटडोअरला, म्हणजे एसीच्या बाहेर बसवलेल्या भागाला, उष्णता टाकणे सोपे जाते. तसे झाले तर १०.४ ला ४.५ ने भागून येतात २.३ युनिट. भर दुपारच्या उन्हात तापलेल्या आउटडोअरकडून काम करून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरे. एकंदरीत, इन्व्हर्टर असो वा नसो, बंद करणे या घराला फायद्याचे आहे, पण तो फायदा संध्याकाळी सात वाजता कोण रिमोट कसा दाबतो यावर टांगलेला आहे.

संध्याकाळी सात वाजता

आणि इथेच या घरातली खरी गळती सापडली. पती घरी आले की बूट काढण्याआधी एसी लावीत आणि तो १८ वर ठेवीत, 'लवकर थंड व्हावे म्हणून'. खोली २९ अंशांवर असताना रिमोटवर २४ असो वा १८, पहिली काही मिनिटे यंत्र आपल्या परीने जोरातच धावते. १८ म्हटल्याने थंडावा लवकर येत नाही. फरक पडतो तो पुढे. २४ वर जो एसी मंद झाला असता तो १८ च्या मागे पूर्ण वेगात धावत राहतो, म्हणजे मेकॅनिकची अट आपल्या हाताने पूर्ण केली जाते.

पुढचे अधिक नुकसानीचे. जेवणखाण होते, झोप लागते, आणि १८ तसेच राहते. पहाटे पांघरूण ओढले जाते, रिमोटकडे हात जात नाही. सहा अंश जादा थंड राखायचे म्हणजे दर अंशाला ७५ वॅटप्रमाणे ४५० वॅट जादा उष्णता; आठ तासांत ३.६ युनिट, म्हणजे विजेचे एक युनिट. भिंती सहा अंशांनी आणखी खाली नेण्याचा खर्च आणि जादा गाळलेले पाणी यात धरलेले नाही. दहा तास एसी बंद ठेवून कमावलेले युनिट अशा रीतीने झोपेत खर्ची पडते, आणि महिन्याच्या शेवटी 'बंद करून काही फरक पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. तसा निष्कर्ष या घरात निघाला होताच.

यावर उपाय म्हणून सुचवला तो टायमर, आणि पतींना तो आधी पटला नाही. रिकाम्या घरात अर्धा तास आधी एसी लावायचा हे त्यांच्या काटकसरीत बसेना. पण हिशोब करून पाहावा: अर्धा तास आधी सुरू केल्याने खोली तेवढा वेळ चारेक अंश जास्त थंड राहते, त्यामुळे जादा शिरणारी उष्णता ०.१५ युनिट, आणि तिची वीज ०.०४ युनिट. भिंतीतली उष्णता तर आज ना उद्या काढायचीच आहे. चार शतांश युनिट देऊन दारात पाऊल ठेवताच खोली सुसह्य मिळत असेल आणि १८ चे बटण दाबण्याची इच्छाच होत नसेल, तर यापेक्षा स्वस्त सौदा या प्रकरणात दुसरा नाही. टायमर साडेसहाचा आणि २५ चा लागला. सोबत छताचा पंखा, कारण अंगावरून वारा वाहत असेल तर दोन-तीन अंश जास्त तापमानही तितकेच सुखाचे वाटते.

बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली असेल अशा दिवशी टायमर रद्द करून आधी वीस मिनिटे खिडक्या उघडाव्यात. ओलावा आत येईल ही शंका इथे गैरलागू आहे; दहा तास बंद राहिलेल्या खोलीतली हवा फटींतून बदलून केव्हाच बाहेरच्याइतकी दमट झालेली असते.

पश्चिमेची काच

आतापर्यंतचा सगळा वाद रिमोटभोवती फिरला. काचेकडे कोणी पाहिले नव्हते. खोलीत पडदे होते, जाड आणि गडद, आणि ते ओढलेलेही असत. पण काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर पडले की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पांढऱ्या अस्तराचा पडदा त्यातली थोडी परत फेकतो, गडद पडदा फारशी नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. खिडकीबाहेर चटई, पट्ट्यांचा पडदा किंवा छज्जा असेल आणि ३०० वॅटचे ७५ वॅट झाले, तर बंद ठेवलेली खोली सातला २८.८ ऐवजी २७.९ वर सापडते आणि साठलेली उष्णता ओलाव्यासकट १०.४ वरून ८.५ युनिटांवर येते. चालू ठेवणाऱ्याचेही १३.७ चे ११.५ होतात. जवळपास दोन युनिट उष्णता, कुठलेही बटण न दाबता. एसी बंद करण्याने जे साधते त्याच्या साठ टक्के हे एकट्या सावलीने साधते, आणि दोन्ही मिळून मेकॅनिकच्या पद्धतीपेक्षा ३८ टक्के कमी.

फिल्टर दर पंधरवड्याला धुणे आणि आउटडोअरसमोर अडगळ न ठेवणे हे सर्वांना ठाऊक असते. या घरात आउटडोअरसमोर कपडे वाळत घालायची दांडी होती. ती हलवली.

मीटरची परीक्षा

हिशोब पटला तरी खात्री हवी होती, म्हणून पतींनी मीटर वाचायला घेतले. पहिल्या प्रयत्नात त्यांनी नोंदी घेतल्या त्या सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर. साहजिकच बंद ठेवलेल्या दिवशी फ्रिज सोडून काही खर्च दिसेना, आणि त्यांनी विजय जाहीर केला. पत्नींनी विचारले, "आणि रात्रीचं कोण मोजणार?" प्रश्न बिनतोड होता. दिवसा साठलेल्या उष्णतेचे बिल रात्री येते, म्हणून नोंद सकाळी नऊ ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळी नऊ अशीच घेतली पाहिजे. शिवाय दोन वेगवेगळ्या आठवड्यांची तुलना करून चालत नाही, कारण एखादा ढगाळ आठवडा सगळे फिरवतो; एक दिवस बंद, एक दिवस चालू असे आलटून पालटून घ्यावे आणि ज्या दिवशी इस्त्री किंवा वॉशिंग मशीन चालले तो दिवस वगळावा.

तशा नोंदी घेतल्यावर बंदचे दिवस कमी खर्चाचे निघाले, पण फरक पतींच्या अपेक्षेपेक्षा लहान. मोजक्या दिवशी तो फरक दिसलाच नाही. वहीत त्या तारखांसमोर पत्नींच्या अक्षरात एकच आकडा लिहिलेला होता: १८.

आता रिमोटवर २४ च्या खाली जाता येणार नाही अशी मर्यादा लावलेली आहे. अनेक एसींत ती सोय असते, शोधावी लागते. टायमर सोमवार ते शुक्रवार. सुटीच्या दिवशी दुपारी घरात माणूस असतो, तेव्हा हे गणित लागू होत नाही. घरात वृद्ध, आजारी किंवा पाळीव प्राणी असेल तरीही नाही. तिथे २७-२८ वर चालू ठेवणे हेच योग्य. बाहेरची चटई सकाळी निघताना सोडायची असते, आणि ती विसरली जाते हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. म्हणून तिची दोरी आता दाराजवळच्या खुंटीपर्यंत आणली आहे, जिथे कुलपाची किल्ली टांगलेली असते.